कृपया हसवू नये

कॅन्सर झालेल्या माणसाला आपल्याकडे फार मान मिळतो. लिफ्टमध्ये आधी शिरू देतात, लग्नात पहिल्या पंगतीला बसवतात, आणि ज्या मेव्हण्यांनी जन्मात आपलं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही ते मान हलवत ऐकून घेतात. ज्याने रिक्षावाल्यासमोरही कधी आवाज चढवला नाही, तो एका रात्रीत 'लढवय्या' होतो. हे सगळं उपचार चालू आहेत तोवर. शेवटचा रिपोर्ट चांगला आला, पेढे वाटून झाले, की लढवय्याची रवानगी होते आणि घरी उरतो तो ओठ फुटलेला एक सामान्य माणूस.

फुटलेल्या ओठांना समाजात काडीची प्रतिष्ठा नाही. कॅन्सर म्हटलं की लोक खुर्ची देतात. ओठ फुटलेत म्हटलं की 'आमचेही फुटलेत' म्हणून स्वतःचे दाखवतात. मे महिन्यातसुद्धा.

दुखणं तसं एवढंसंच असतं. खालच्या ओठाच्या बरोबर मधोमध एक उभी चीर. गप्प बसलं तर ती आहे हेही कळत नाही. पण हसताना ओठ आडवा ताणला जातो आणि उभी चीर उघडते. साधी भूमिती आहे. कपाळाला आठ्या घाला, खुशाल रागवा, टीव्हीवरच्या बातम्या बघून हळहळा, ओठाला काही होत नाही. उलट दुःखी चेहऱ्यात ओठ आवळले जातात आणि चीर छान मिटते. म्हणजे कॅन्सर बरा झाल्याचा आनंद व्हावा, पण तो चेहऱ्यावर दिसू नये, अशी ही अट. ही अट घालणारा मराठी सासराच असला पाहिजे.

मला घशाचा झाला होता. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'तंबाखू खायचात?' नाही म्हटलं की विचारणाऱ्याची घोर निराशा होते. एका गृहस्थांनी तर हा प्रश्न विचारण्यासाठी आधी तोंडातला ऐवज गालात सरकवला होता.

उपचार मुख्यतः रेडिएशनचा. बाहेरच्या बाकड्यांवरची मंडळी त्याला 'लाइट' म्हणतात. 'तुमच्या किती लाइट झाल्या?' अशा चौकशीने तिथे ओळखी होतात. सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवार-रविवार सुट्टी, असं सहा-सात आठवडे चालतं. आम्ही बँकवाले पाच दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षानुवर्षं भांडत आलो. मला तो निवृत्तीनंतर रेडिएशन विभागात मिळाला. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार प्लास्टिकचा मुखवटा करतात आणि तो चढवून माणसाला टेबलाला जखडतात. हेतू एवढाच, की मान हलू नये आणि किरण ठरल्या जागीच पडावेत. पण ठरल्या जागेच्या शेजारी लाळेच्या ग्रंथी बसलेल्या असतात. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या: एक कानांपाशी, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. हल्लीची यंत्रं कानांजवळच्या जोडीला शक्यतो वाचवतात, तरी शेजाऱ्यांच्या भांडणात दोन धपाटे बसतातच.

धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. हा आकडा मला पुरवठा आटल्यावर कळला. टाकीत पाणी किती मावतं हेसुद्धा सोसायटीत लोक नळ कोरडे पडल्यावरच विचारतात.

त्यात ओठांची बाजू मुळातच लंगडी. गालाच्या कातडीच्या वरच्या थराला पंधरा-सोळा पदर असतात, ओठाला तीन ते पाच. घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या जवळजवळ नाहीत, उन्हापासून वाचवणारं मेलॅनिन नावापुरतं. सोबत केमो असेल तर आणखी भर. केमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, आणि तोंडाच्या आतलं अस्तर आठ-पंधरा दिवसांत नवं होत असल्याने औषधाला तेही संशयित वाटतं. तोंड येतं, ओठ सोलवटतात, पुढे लाळ नसल्याने ते तसेच राहतात. घशाचं दुखणं घशात मिटतं आणि त्याचा जमाखर्च ओठांवर निघतो.

रोज दुपारी, चहाच्या आधी, माझ्या खालच्या ओठावर डावीकडे एक पापुद्रा उभा राहतो. आरशात बघावं तर नखाच्या टोकाएवढा, पांढुरका, एका बाजूने सुटलेला आणि दुसऱ्या बाजूने घट्ट. पण जिभेला तो सोसायटीच्या नोटीस बोर्डाएवढा लागतो. जगातलं कुठलंही काम त्याच्यापेक्षा महत्त्वाचं वाटत नाही. हात आपोआप वर जातो. घट्ट असलेल्या बाजूने तो ओढला, तर निम्मा ओठ बरोबर येतो. डॉक्टरांची आज्ञा अशी, की ओढायचा नाही. मऊ ओलं फडकं थोडा वेळ दाबून धरायचं, जेवढा सुटायचा तेवढा आपण होऊन सुटतो, उरलेल्यावर मलम लावून त्याला झोपवायचं. ओठ चाटायचे नाहीत, हीही आज्ञा. लाळ वाळताना ओठाचा होता तो ओलावाही घेऊन जाते, शिवाय तिच्यात अन्न पचवणारी द्रव्यं असतात आणि ती नाजूक कातडीला सोडत नाहीत. माझ्याकडे चाटायला लाळच नसल्याने हा एक नियम मी तंतोतंत पाळला.

लाळ वाढवणारी गोळी असते, पिलोकार्पिन नावाची. ती सगळ्याच ग्रंथींना जागं करते, त्यामुळे घाम फुटतो. परिणामी शर्ट भिजलेला, कपाळ ओलं, आणि मधोमध ओठ तेवढे कोरडे. पाहुण्यांना वाटायचं, मी काहीतरी लपवतोय.

घरगुती उपायांची तर आपल्याकडे वाण नाही. 'रात्री बेंबीत तेल घाला, ओठ फुटत नाहीत,' हे मला इतक्या लोकांनी इतक्या खात्रीने सांगितलं, की बेंबीपासून ओठांपर्यंत एखादी पाइपलाइन असणारच. ती वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात मात्र सापडत नाही. आत्याने दुधावरची साय सुचवली, शेजारच्या काकूंनी लोणी, मेव्हण्यांनी साजूक तूप आणि वर 'घरचं हं' अशी ताकीद. मधाचा प्रयोग मुंग्यांनी रात्रीतच निकालात काढला. तुपाबद्दल माझं मत वाईट नाही. पण तुपाचा वास नाकाशी घेऊन, जेवणाची चव गेलेल्या माणसाने रात्रभर पडून राहणं हा छळ आहे. स्वप्नात सतत कुणीतरी पुरणपोळी वाढत असतं.

वहिनींनी सावंतवाडीहून कोकमतेल पाठवलं. नाव तेल, वस्तू दगड. कोकमाच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर येणारा तवंग गोळा करतात, आणि गार झाल्यावर त्याचे गोळे वळतात. अंगाच्या उष्णतेच्या थोडं वर गेलं की ते वितळतं, म्हणून तुकडा पळीत गरम करायचा, बोटाने ओठावर फिरवायचा. तो तिथेच थिजतो आणि पातळ झाकण बसतं. वास नाही, चव नाही, कुरकुर नाही. कोकणात पिढ्यानपिढ्या हे टाचांच्या भेगांना लावतात. माझ्या ओठांना टाचांचा दर्जा मिळाला याचं वाईट वाटलं, पण काम झालं.

डॉक्टरांना गोळा दाखवला. त्यांनी तो हुंगून, उलटून पाहिला आणि मान डोलावली. त्यांचं तत्त्व साधं: ओठाला लावायची वस्तू जितकी कंटाळवाणी तितकी चांगली. रंग नको, सुगंध नको, थंडावा तर नकोच. मेंथॉल, कापूर, दालचिनी यांनी गार किंवा चुरचुरीत वाटतं आणि आपण समजतो औषध लागू पडलं. प्रत्यक्षात सोललेला ओठ बोंबलत असतो. आधी ओठ पाण्याने ओले करायचे, मग वर थर द्यायचा, थोडा थोडा आणि पुन्हा पुन्हा. रेडिएशन चालू असेल तर आत जाण्याच्या तोंडावर जाड थर थापायचा नाही. उन्हात जायचं तर उन्हापासून राखणारा बाम. ओठांचे कोपरे लाल होऊन फाटत असतील, तर मलमं बदलत न बसता येऊन दाखवायचं, कारण तिथे बुरशी बसलेली असू शकते आणि तिचं औषध वेगळं.

बाम आणायला मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने माझ्यापुढे स्ट्रॉबेरी, चेरी, आणि बबलगम अशी रास मांडली आणि अत्यंत सौजन्याने विचारलं, 'काका, शेड कोणती?' बिनवासाचा, बिनरंगाचा मागितला तर म्हणाली, 'मग लावायचा कशाला?' घरी नातीने तिच्या बॅगेतला काढून दिला. तो लावताना पांढरा होता, लावल्यावर गुलाबी झाला. त्याच दिवशी नोव्हेंबरातलं हयातीचं प्रमाणपत्र द्यायला बँकेत जायचं होतं. खिडकीतल्या साहेबांनी माझ्या मिशीखाली काही क्षण पाहिलं, फाइलकडे पाहिलं, पुन्हा मिशीखाली पाहिलं आणि म्हणाले, 'हयात आहात. चांगलेच हयात आहात.'

मिशीचाही एक स्वतंत्र त्रास आहे. मलम लावलेल्या ओठावर मिशीचे केस टेकतात आणि सकाळच्या पोह्यांतलं निम्मं खोबरं दुपारपर्यंत जागेवर राहतं. मिशी काढा असं सगळे म्हणतात. डोक्यावरचे गेले, मानेवरचे किरणांनी नेले, आता उरलेल्या ठेवी मोडायला मी तयार नाही.

या सगळ्या मलमांचा मूळपुरुष म्हणजे रॉबर्ट चेसब्रो हा अमेरिकेतला रसायनतज्ज्ञ. १८५९मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला. तिथले कामगार पंपाच्या दांड्यांवर साचणारा मेणचट काळा गाळ भाजलं-कापलं की लावत. याने तो गाळ आणून शुद्ध केला आणि १८७२मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. लोकांसमोर स्वतःची कातडी भाजून घ्यायची आणि त्यावर हे लावून दाखवायचं, अशी त्याची जाहिरात. रोज चमचाभर व्हॅसलिन खातो असंही तो सांगे. गेला १९३३मध्ये, शहाण्णव वर्षांचा होऊन. एवढं आयुष्य मलमात काढलेल्या माणसाचे ओठ कसे होते, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. चरित्रकार नेहमी चुकीच्या गोष्टी टिपतात.

हसण्याखालोखाल त्रास बोलण्याचा. प, फ, ब, भ, म यांना दोन्ही ओठ मिटावे लागतात. कोरडे ओठ मिटले की चिकटतात, आणि उघडताना पापुद्रा एका ओठाचा, पण नेतो दुसरा. यावर तोडगा संस्कृतात तयार आहे. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त नावाचा कुमार आपली सगळी हकिकत एकही ओष्ठ्य वर्ण न वापरता सांगतो, कारण त्याचा ओठ दुखावलेला असतो. प्रेयसीच्या दातांनी, पण तो तपशील आपल्या कामाचा नाही. ही गोष्ट मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली तेव्हा बायको म्हणाली, 'बाहेर सांगताना आधी रेडिएशन सांगा, मग दंडी.'

मंत्रगुप्ताला जमलं ते बँकेच्या निवृत्त कर्मचाऱ्याला का जमू नये, म्हणून मीही सुरुवात केली. पहिल्याच घासाला खडा. 'मी' म्हणता येईना. 'मला', 'माझं' सगळंच बाद. पाणी गेलं, भूक गेली, पेन्शन गेली. शेवटी 'या देहाला जल दे' असं म्हटलं. बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून, मी गादीवरच बसलोय ना, खाली व्याघ्रचर्म वगैरे नाही ना, हे पाहून घेतलं. नातेवाइकांत आत्या, काकू, नाना, ताई यांच्याशी बोलणं सुरळीत राहिलं. मामा, मावशी आणि मेव्हणे यांच्याशी तुटलं. या शेवटच्या फायद्यासाठी तो प्रयोग मी जरा लांबवला. गंमत म्हणजे 'कॅन्सर' या उच्चाराला ओठ अजिबात लागत नाहीत. 'बरा झाला' म्हणायला लागतात.

पण खरा धोका भेटायला येणाऱ्यांचा. रडके लोक परवडतात. हसरे लोक घातक. कॅशमधला माझा एक मित्र आला आणि दारातूनच म्हणाला, 'तुला तो नारळ आठवतो का रे?' झालं. आमच्या शाखेत ऑडिटर यायच्या सकाळी मॅनेजरसाहेबांनी देवापुढे नारळ वाढवला होता; पाणी उडालं ते नेमकं लेजरवर, आणि पुसली गेली ती नेमकी ऑडिटरसाहेबांनी आधीच आक्षेप घेतलेली नोंद. नवसाला इतक्या तातडीने पावलेला देव सबंध रीजनमध्ये दुसरा नव्हता. मित्राने पुढचं काही सांगायचीही गरज पडली नाही. चीर उघडली, रक्त आलं, बायको कापूस घेऊन धावली आणि मित्राला चहा न देता वाटेला लावला. त्यानंतर तो फोनवर नुसतं 'नारळ' म्हणतो आणि ठेवून देतो.

याउलट सोसायटीचे सेक्रेटरी. ते आले, पुनर्विकासाचा प्रस्ताव उलगडून बसले आणि एफएसआय, कॉर्पस फंड, भाड्याचा फरक, बिल्डरने सुचवलेल्या टाइल्स यांवर सलग बोलत राहिले. माझा ओठ जागचा हलला नाही. संध्याकाळी आरशात पाहिलं तर चीर मिटलेली. बायकोने हे बरोबर हेरलं. 'तुम्ही रोज येत जा ना,' असं ती त्यांना म्हणाली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. सोसायटीच्या इतिहासात हे वाक्य त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. ते खरोखरच येऊ लागले. कोकमतेल आणि सेक्रेटरी, दोन्ही बिनवासाचे, बिनरंगाचे, आणि माझ्या अनुभवात सारखेच गुणकारी.

जबड्याचे व्यायाम हे आणखी एक प्रकरण. रेडिएशननंतर जबडा आखडू नये म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकीवर एक रचायच्या आणि हळूहळू संख्या वाढवत न्यायची. आइस्क्रीम नाही, नुसत्या काड्या. जबडा उघडतो तसे ओठांचे कोपरे ताणले जातात, म्हणून आधी मलम, मग काड्या. आपल्याच हाताची तीन बोटं उभी आत जावीत, एवढं तोंड उघडणं बरं समजतात. मी मनात वेगळं माप ठेवलंय: आख्खी पाणीपुरी. पुरी आता मावते. पाण्यातल्या मिरचीची परवानगी अजून ओठांनी दिलेली नाही.

तर अशा अवस्थेत तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी मला हास्यक्लबात ओढलं. 'हसणं हेच औषध,' असं म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, कारण तो हसतच राहतो. हा क्लब प्रकार मुळात मुंबईचाच. १३ मार्च १९९५ला डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीत लोखंडवालाच्या बागेत चारपाच जणांना घेऊन सुरू केला. आधी तिथे विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरले ते सभ्य नव्हते, म्हणून विनोदाशिवायच हसायचं ठरलं आणि तो प्रकार जगभर गेला. हे कळल्यावर मला धीर आला. कारण विनोद नसेल तर धोका निम्मा.

तरी उरलेला निम्मा होताच. सिंहहास्यात डोळे वटारून जीभ पूर्ण बाहेर काढतात. माझी जीभ बाहेर आली ती टाळूला चिकटलेली सुटल्याचा 'टक्' असा आवाज करून, आणि शेजारचे दोघे नियमबाह्य हसले. दोन्ही हात वर करून मोकळं हसायच्या वेळी मी ओठांचा चंबू करून नुसता 'हू हू' करत राहिलो. शेवटी नानांनी मला मिटल्या ओठांनी गुणगुणत हसायच्या प्रकारावर कायमचं नेमलं. तीस माणसं आभाळाकडे बघून खदखदताहेत आणि त्यांच्यात एकटा मी मिशीखाली चकाकणारे ओठ मिटून घुमतोय, हे दृश्य फिरायला येणाऱ्यांना अस्वस्थ करू लागलं. मग समितीने विचार केला. इतका गंभीर चेहरा, त्यात बँकेचा अनुभव. मला खजिनदार केलं.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी बाकावर बसून मी वर्गणी घेतो. नोटा मोजायला बँकेतल्या सवयीने ओल्या स्पंजची डबी ठेवलेली असते. हल्ली तिला पर्यायही नाही. नाना मात्र दर नोटेला अंगठा जिभेवर टेकवतात. मी बघत राहतो. इतकी लाळ, आणि तीही दोनशे रुपयांच्या वर्गणीसाठी! मागच्या खेपेला हिशेबात वीस रुपये कमी भरले. मी उभा राहून, ओठ शक्य तितके कमी हलवत, तूट वाचून दाखवली, तर सबंध बाग हसली. नाना म्हणाले, इतकं मनापासून हसणं क्लबात पहिल्यांदाच झालं, खजिनदारांनी दर महिन्याला तूट आणावी.